पंख आपले, एंजिन कुणाचे?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या तळावर हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. बासष्ट वर्षे हे विमान आपल्या हवाई दलात होते. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यातून 'तेजस मार्क-१ए' हे विमान पहिल्यांदा आकाशात झेपावले. एकेकाळी मिग-२१ बांधली जात ती याच ओझरला. दोन्ही बातम्यांची कात्रणे मी नववीच्या वर्गात वाचून दाखवली. मुलांनी बरेच प्रश्न विचारले. त्यातला एका मुलीचा प्रश्न अगदी साधा होता, "सर, जगातलं सगळ्यात चांगलं विमान कोणतं ते बघायचं आणि तेच घ्यायचं. असं का नाही करत?"

वेग, पल्ला, किंमत यांचे तक्ते मांडले की उत्तर निघेल, असे आपल्यालाही वाटते. वर्तमानपत्रांतून होणारी चर्चा बहुधा त्याच वाटेने जाते. पण शस्त्रखरेदीचा इतिहास पाहू लागलो की लक्षात येते, तक्त्यातले आकडे ठरतात ते तक्त्याबाहेरच्या गोष्टींनी. कोणत्या देशाशी मैत्री आहे, तिजोरीत कोणते चलन शिल्लक आहे, दहा वर्षांपूर्वी कोणत्या फाइलीवर कोणता शेरा पडला, यांवर बरेच काही अवलंबून असते. हे समजून घ्यायला आपल्याच देशातले एक उदाहरण फार चांगले आहे. 'एच.एफ.-२४ मारुत' या, भारतात घडवलेल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाची ही गोष्ट.

बंगलोरचा कारखाना

गोष्टीची सुरुवात एका सोलापूरकरापासून करावी लागेल. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगलोरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी काढली. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. लवकरच ब्रिटिश सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि युद्धकाळात तेथे मुख्यतः विमानांची दुरुस्ती होऊ लागली. नवे विमान घडवणे बाजूला पडले. तरी एक फायदा झाला. धातूचा पत्रा कापणारे, रिव्हेट ठोकणारे, एंजिन उघडून परत जोडणारे शेकडो कुशल हात तयार झाले.

या कारखान्यातले आराखड्याचे काम ज्यांनी उभे केले, ते विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. द्रव किंवा हवा एखाद्या पृष्ठभागाला चिकटून वाहताना जो पातळ थर तयार होतो, त्याचा सिद्धांत मांडणारे हेच ते प्रांटल. म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्र जेथे जन्मले, तेथूनच घाटगे ते शिकून आले होते. त्यांनी आराखडा केलेले 'एच.टी.-२' हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. छोटे, पंख्याचे, दोन जणांचे विमान. पण ते आपल्याकडेच कल्पिलेले आणि आपल्याकडेच बांधलेले होते.

आता हवाई दलाची मागणी मोठी झाली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी जे विमान मागितले, त्याचा वेग ध्वनीच्या दुप्पट असावा, ते साठ हजार फुटांपर्यंत चढावे आणि तळापासून आठशे किलोमीटरपर्यंत जाऊन लढून परत यावे, अशी अपेक्षा होती. एच.टी.-२ पासून एकदम एवढी उडी! बालवाडीतून थेट मॅट्रिकला बसवण्यासारखेच ते होते.

ही उडी मारायला अनुभवी माणूस हवा होता. तो मिळाला, आणि त्याच्या मिळण्यातही राजकारणच होते. कुर्ट टांक हे फोकवुल्फ कंपनीचे प्रमुख आराखडेकार. महायुद्धातले जर्मनीचे गाजलेले 'एफ.डब्ल्यू.-१९०' हे विमान त्यांचे. युद्ध हरल्यावर जर्मनीत विमान बांधण्यावर बंदी आली. टांक अर्जेंटिनाला गेले, तेथे अध्यक्ष पेरॉन यांच्यासाठी त्यांनी 'पुल्की-२' हे जेट विमान घडवले. १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता उलथली आणि टांक यांचे काम थांबले. भारताने त्यांना बोलावले. ऑगस्ट १९५६ मध्ये ते बंगलोरला आले, त्यांचे काही जर्मन सहकारीही आले. जगातला एक अव्वल आराखडेकार आपल्याला मिळाला तो अशा रीतीने, दोन देशांतल्या उलथापालथींमुळे.

लाकडी विमान

टांक आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी काम कसे केले, ते विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मोठे वातबोगदे हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी होणाऱ्या विमानाच्याच मापाचे, त्याच आकाराचे एक लाकडी ग्लायडर बनवले. त्याला एंजिन नव्हते. १९५९ साली डकोटा विमानाला दोर बांधून ते उंच ओढून नेत, मग सोडून देत. वैमानिक ते तरंगत खाली आणी. उतरताना ते डळमळते का, वळवताना ऐकते का, झडपा उघडल्यावर नाक खाली जाते का, हे सारे अशा उड्डाणांतून कळले. साधने कमी असली की प्रयोग थांबतोच असे नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

विमानाची कंबर बारीक ठेवली होती. ध्वनीच्या वेगाजवळ जाताना हवेला बाजूला सरायला वेळ मिळत नाही, ती दाबली जाते आणि रोध एकदम वाढतो. पंख जेथे जोडलेले असतात तेथे विमानाचा एकूण छेद मोठा होतो. तेथेच धड थोडे आवळले तर छेद हळूहळू बदलतो आणि रोध कमी होतो. हा नियम तेव्हा नुकताच समजला होता. मारुतच्या आराखड्यात तो वापरलेला आहे.

१७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी हे विमान पहिल्यांदा उडवले. टांक आल्यापासून पाच वर्षांच्या आत! युरोप, अमेरिका आणि रशिया सोडून इतर कोणी असे विमान घडवल्याची उदाहरणे तेव्हा विरळाच होती. मारुत म्हणजे वारा. नाव शोभत होते. अडचण वेगळीच होती. वाऱ्याच्या वेगाने जायला लागणारे एंजिन त्यात नव्हते.

एंजिन कुठे गेले?

जेट एंजिनाचे तत्त्व आपण फुगा सोडून शिकवतो. मागे वायू जोरात सुटला की फुगा पुढे जातो. एंजिन विमानाला पुढे ढकलते त्या बलाला रेटा म्हणू. विमानाच्या दर एक किलो वजनामागे किती किलो रेटा आहे, हा आकडा लढाऊ विमानाची ताकद सांगतो.

मारुतचा आराखडा ज्या एंजिनावर बेतला होता, ते ब्रिस्टल या ब्रिटिश कंपनीचे 'ऑर्फियस १२'. मागच्या नळीत आणखी इंधन जाळून ते सुमारे ३,७०० किलो रेटा देणार होते. अशी दोन एंजिने म्हणजे ७,४०० किलो. मारुतचे नेहमीचे उड्डाणवजन ९,००० किलोच्या जवळपास. म्हणजे दर किलोला ०.८ किलोहून थोडा जास्त रेटा. त्या काळाच्या मानाने हे उत्तम होते.

प्रत्यक्षात विमानात बसली ती याच घराण्यातली धाकटी भावंडे, 'ऑर्फियस ७०३'. प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेटा, दोन्ही मिळून ४,४००. भागाकार करून पाहा. दर किलोला अर्धा किलोसुद्धा पुरता नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न पाहिलेले विमान सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगाशी जेमतेम पोहोचू लागले.

मग मोठे एंजिन गेले कुठे? ते तयारच झाले नाही. ऑर्फियस घराण्याच्या जन्मामागे 'नाटो' ही पश्चिमी राष्ट्रांची लष्करी संघटना होती. युरोपातल्या देशांसाठी एक हलके, स्वस्त लढाऊ विमान हवे, अशी तिची मागणी होती आणि या एंजिनांच्या विकासासाठी अमेरिकेच्या मदतनिधीतूनही पैसा आला होता. पुढे नाटोची निवड 'फियाट जी-९१' या इटालियन विमानावर स्थिरावली. त्याला ऑर्फियसचेच साधे रूप पुरेसे होते. ताकदवान ऑर्फियस १२ ला युरोपात गिऱ्हाईक उरले नाही. ब्रिटिश सरकारनेही हात काढून घेतला. उरला एकच इच्छुक, भारत. कंपनीचे म्हणणे असे पडले की हवे असेल तर पुढच्या विकासाचा खर्च भारताने द्यावा. भारत सरकारने नकार दिला.

बंगलोरच्या विमानाची ताकद युरोपातल्या एका निवडीने ठरली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. त्या निवडीच्या वेळी मारुतचा विचार कोणाच्या डोक्यात असण्याचे कारणही नव्हते.

नकार चुकला का?

येथे आपण घाईने दिल्लीतल्या बाबूंना दोष देऊन मोकळे होतो. पण त्या वेळची परिस्थिती जरा पाहू या. महायुद्धात ब्रिटनने भारताकडून घेतलेल्या मालाचे पैसे पौंडांच्या रूपाने लंडनला साठले होते. दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाल्यावर यंत्रसामग्रीच्या आयातीत ही शिल्लक झपाट्याने संपली. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाचा गंभीर तुटवडा झाला. ऑगस्ट १९५८ मध्ये भारताला मदत कशी करायची हे ठरवायला कर्ज देणाऱ्या देशांना एकत्र बसावे लागले. भिलाई, रुरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभे राहत होते. धान्यही बाहेरून येत होते. अशा वेळी दुसऱ्या देशातल्या कंपनीने अर्धवट सोडलेल्या एंजिनावर पौंड खर्च करायचे का? माझ्यासारख्याला त्या खुर्चीवर बसवले असते तर मीही कदाचित नाहीच म्हटले असते.

पण या हिशेबात एक रकाना राहून गेला. एंजिन न मिळाल्यास पाच वर्षांचे श्रम अर्धे वाया जातील, आणि पुढचे विमान कोणाकडून तरी विकतच घ्यावे लागेल, त्याची किंमत कोणी मांडली होती? विमानाचा खर्च एका फाइलीत, एंजिनाचा दुसऱ्या फाइलीत असला की असे होते. प्रत्येक फाइल आपापल्या जागी बरोबर असते.

इजिप्तचा प्रयोग

नकारानंतर शोधाशोध सुरू झाली. रशियन 'आर.डी.-९' या एंजिनाचा विचार झाला, तेही जुळले नाही. मग वाट निघाली ती कैरोकडे.

इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनाही स्वतःचे लढाऊ विमान हवे होते. त्यांनी महायुद्धकाळातले दुसरे नामांकित जर्मन आराखडेकार विली मेसरश्मिट यांचा 'एच.ए.-३००' हा प्रकल्प घेतला होता. एंजिनाचे काम ऑस्ट्रियाचे फर्डिनांड ब्रांडनर करत होते. इजिप्तकडे होऊ घातलेले एंजिन, आपल्याकडे उडणारे विमान. नेहरू आणि नासर दोघेही अलिप्ततावादाचे पुरस्कर्ते. दोन्ही गरजा एकत्र आणाव्यात, हे सुचणे स्वाभाविक होते. ब्रांडनर यांचे 'ई-३००' एंजिन तपासण्यासाठी एक मारुत इजिप्तला पाठवले गेले आणि मार्च १९६७ मध्ये ते त्या एंजिनासह उडालेसुद्धा.

त्यानंतर दोनच महिन्यांत, जून १९६७ मध्ये, इस्रायलशी सहा दिवसांचे युद्ध झाले. इजिप्तचे हवाई दल जमिनीवरच उद्ध्वस्त झाले. इजिप्तला आता दहा वर्षांनी येणारे विमान परवडणारे नव्हते, उद्या सकाळी उडणारे हवे होते. ते सोव्हिएत संघाकडून येऊ लागले. १९६९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला आणि आपली माणसे परत आली. मारुतचे दुसरे संभाव्य एंजिनही असे एका युद्धाच्या वावटळीत गेले.

ओझरला मिग आले

या सगळ्याच्या मध्येच, १९६२ साली, भारताने मिग-२१ घ्यायचे ठरवले. हा निर्णय तक्त्यांवरून झाला का?

पाकिस्तान १९५४ पासून अमेरिकेच्या लष्करी मदतीच्या करारात होता. तेथे आधी सेबर विमाने आली. १९६१ मध्ये 'एफ-१०४ स्टारफायटर' आली, ध्वनीच्या दुप्पट वेगाची. आपल्याकडे त्यांना तोंड देणारे काही नव्हते. मारुत नुकते उडू लागले होते, पण त्याचे एंजिन अडले होते. अमेरिकेकडे स्टारफायटर होते, ब्रिटनकडे 'लाइटनिंग' होते. मिग-२१ त्या मानाने साधे, थोड्या पल्ल्याचे विमान होते. सोव्हिएत संघाने मात्र दोन गोष्टी देऊ केल्या. हे विमान भारतातच बांधण्याचा परवाना, आणि रुपयांत पैसे फेडण्याची सोय. परकीय चलनाच्या तुटवड्याने ज्या देशाने एंजिन नाकारले होते, त्या देशाला रुपयांत मिळणारे विमान किती मोलाचे वाटले असेल, ते सांगायला नको. लंडन आणि वॉशिंग्टन येथून नाराजी व्यक्त झाली, पण निर्णय बदलला नाही. १९६३ मध्ये पहिली मिग चंदीगडला आली.

सप्टेंबर १९६५ च्या युद्धात या निवडीची दुसरी बाजू दिसली. अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. ज्याचे बहुतेक हवाई दल अमेरिकन विमानांचे, त्या पाकिस्तानला सुट्या भागांची चणचण जास्त जाणवली. विमान विकत घेताना आपण पुढच्या वीस-तीस वर्षांचे सुटे भागही विकत घेत असतो, आणि ते देणाऱ्याची मर्जीसुद्धा. हा धडा तेव्हा शेजाऱ्याला मिळाला.

मिग बांधण्याचे काम तीन ठिकाणी वाटले गेले. धड आणि पंख ओझरला, एंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. नाशिककर या दोन गोष्टींची सांगड आजही घालतात. पुढच्या दोन दशकांत साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ भारतात तयार झाली. सुरुवातीला आणलेले भाग जोडून, मग हळूहळू कच्च्या मालापासून. हजारो कुटुंबे या कारखान्यावर उभी राहिली. आयटीआय झालेल्या कित्येक मुलांनी येथे मायक्रोमीटर हातात धरला. ही मिळकत लहान नव्हे.

तरी एक फरक लक्षात ठेवायला हवा. परवान्यावर बांधताना 'हे कसे बनवायचे' ते आपण शिकतो. 'हे असेच का बनवले' हे मात्र मूळ आराखडेकाराच्या वहीत राहते. पाठांतराने गणित सोडवणारा मुलगा आणि रीत समजलेला मुलगा यांच्यातला फरक आपल्याला रोज वर्गात दिसतो. परीक्षेत दोघांना सारखेच गुण मिळू शकतात. प्रश्न जरा फिरवून घातला की उलगडा होतो.

मारुतचे पुढे काय झाले?

कमी ताकदीच्या एंजिनांसह मारुत हवाई दलात दाखल झाले. एकूण १४७ विमाने बांधली गेली. उंचावरच्या झुंजीऐवजी त्याला जमिनीलगत उडून हल्ला करण्याचे काम दिले गेले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मारुत लढले. काही विमाने जमिनीवरच्या माऱ्याने पडली, पण हवेतल्या झुंजीत एकही पडले नाही. उलट एका मारुतने शत्रूचे एक सेबर पाडले. एक एंजिन बंद पडल्यावर दुसऱ्यावर घरी परतल्याची उदाहरणेही घडली.

सगळा दोष एंजिनाचा होता असेही म्हणता येत नाही. चारही तोफा एकदम झाडल्या की धड इतके थरथरे की दोनच वापराव्या लागत. शेपटीकडचा भाग अपेक्षेपेक्षा जास्त रोध निर्माण करत होता. असे दोष पहिल्या विमानात असतातच. दुसऱ्या, तिसऱ्या आवृत्तीत ते निघून जातात. मारुतला ती संधी मिळाली नाही.

आपल्याच प्रयोगशाळेत ऑर्फियसला मागे इंधन जाळण्याची जोड देऊन रेटा वाढवण्याचा प्रयत्न झाला. १० जानेवारी १९७० रोजी बंगलोरला अशाच एका विमानाला अपघात झाला आणि सुरंजन दास, ज्यांनी पहिले मारुत उडवले होते, ते त्यात गेले. तेव्हा ते ग्रुप कॅप्टन होते. बंगलोरमध्ये एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. १९९० पर्यंत मारुत सेवेतून गेले. १९६१ ते २००१ या चाळीस वर्षांत दुसरे नवे स्वदेशी लढाऊ विमान आकाशात गेले नाही. दरम्यान मारुतवर शिकलेले लोक निवृत्त झाले.

एवढे काय अवघड असते?

एंजिन आपणच का केले नाही, असे मुले हमखास विचारतात. तेव्हा त्यांना एक गणित घालावे. टर्बाइनचे पाते चाकाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावर आहे आणि चाक मिनिटाला १०,००० फेरे घेते असे समजा. पात्याचे वजन फक्त १०० ग्रॅम. त्याला वर्तुळात धरून ठेवायला किती बल लागेल? नववी-दहावीच्या मुलांना रीत दाखवली की उत्तर येते, सुमारे ३३,००० न्यूटन. म्हणजे मुठीत मावणारे ते पाते आपल्या मुळाला सव्वातीन टन वजनाने ओढत असते. लाल तापलेल्या अवस्थेत. तासन्‌तास.

आजच्या एंजिनात या पात्यांवर येणाऱ्या वायूचे तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या वर असते. पाते ज्या निकेलच्या मिश्रधातूचे असते, तो त्याच्या आतच वितळायला लागतो. मग पाते टिकते कसे? त्याच्या पोटात बारीक वाटा ठेवून त्यांतून तुलनेने थंड हवा खेळवतात आणि पृष्ठभागावरच्या छिद्रांतून तिचा पातळ पडदा सोडतात. शिवाय अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओततात, कारण दोन स्फटिकांमधला सांधा हीच उष्णतेत पहिली कच्ची जागा असते. हे पुस्तकात वाचून येत नाही. शेकडो पाती ओतून, फोडून, कापून पाहावी लागतात. त्याला भट्ट्या, चाचणीगृहे आणि अपयशाची बिले मुकाट्याने भरणारे सरकार लागते. जगात हे काम नीट करू शकणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत. तंत्र शिकायला पिढ्या लागल्या असल्याने ते कोणी सहजी विकत नाही.

पुन्हा तोच प्रश्न

'तेजस'च्या वेळी हा धडा आठवला होता. म्हणूनच १९८९ मध्ये त्याच्यासाठी 'कावेरी' हे स्वदेशी एंजिन मंजूर झाले. ते वेळेत आणि हव्या त्या रेट्याचे होऊ शकले नाही. ४ जानेवारी २००१ रोजी तेजस पहिल्यांदा उडाले ते अमेरिकन 'एफ-४०४' एंजिनावर. त्याच्या तीनच वर्षे आधी, मे १९९८ मध्ये, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले होते. विमानाच्या नियंत्रण-प्रणालीवर तिकडे काम करत असलेल्या आपल्या अभियंत्यांना परतावे लागले. ते काम त्यांनी येथे येऊन पुरे केले, पण वेळ गेला. २००८ मध्ये कावेरी आणि तेजस यांची फारकत झाली. २०२१ मध्ये ८३ तेजसची मागणी नोंदवली गेली. तिच्यातली विमाने रखडण्याचे एक मोठे कारण पुन्हा तेच होते, परदेशातून एंजिने वेळेवर आली नाहीत. तोपर्यंत म्हातारी मिग-२१ उडत राहिली, आणि त्यांच्या अपघातांच्या बातम्या आपण वाचत राहिलो.

या गोष्टीत खलनायक शोधत बसलो तर सापडत नाही. १९५० च्या दशकातला नकार समजण्यासारखा होता. मिगची खरेदी गरजेची होती. इजिप्तशी सहकार्य कल्पक होते. अमेरिकन एंजिन घेतले नसते तर तेजस कदाचित उडालेच नसते. सुटे सुटे पाहिले तर प्रत्येक निर्णय शहाणपणाचा वाटतो. ते सगळे ओळीने मांडले, की आपण पुन्हा पुन्हा त्याच दारात उभे राहिलो, हेही दिसते. एका वर्षाच्या अंदाजपत्रकात बसणारा निर्णय आणि तीस वर्षांनी फळ देणारा निर्णय यांत लोकशाही सरकारला पहिला नेहमीच सोपा वाटतो. आपल्यालाही वाटतो. शाळेत नवी प्रयोगशाळा हवी की यंदा भिंतींना रंग, या बैठका आपण पाहिल्याच आहेत.

माझ्या वर्गात आम्ही शेवटी एक खेळ खेळलो. मुलांचे चार गट केले. एक हवाई दल, एक अर्थखाते, एक परराष्ट्रखाते, एक कारखान्यातले अभियंते. साल १९५८. प्रश्न एकच, ऑर्फियस १२ साठी पैसे द्यायचे की नाही? पुढे काय झाले ते कोणालाच सांगितले नव्हते. हवाई दलाला विमान लगेच हवे होते. अर्थखात्याने धान्याचा आकडा फळ्यावर लिहिला. परराष्ट्रखाते म्हणाले, ब्रिटनवर अवलंबून राहायचे का ते आधी ठरवा. अभियंते म्हणत होते, आम्हाला शिकू तर द्या. तास संपला तरी भांडण मिटले नव्हते. मतदान घेतले. पैसे द्यायचे नाहीत, या बाजूने दोन मते जास्त पडली.

मग मी पुढची हकीकत सांगितली. तो साधा प्रश्न विचारणारी मुलगी अर्थखात्याच्या गटात होती आणि तिने 'नाही'ला मत दिले होते. ती थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, पुन्हा मत घेऊ या?"